पड ठेवलेली खाडी

फेरो बेटं अठरा. स्कॉटलंड, नॉर्वे आणि आइसलंड यांच्या मधल्या समुद्रात, उत्तर अटलांटिकच्या ऐन वाऱ्यात ती उभी आहेत. बेटांवर कुठेही उभे राहा, समुद्र पाच किलोमीटरच्या आत असतो. वस्ती पन्नास-पंचावन्न हजारांची, झाडं जवळजवळ नाहीत, मेंढ्या मात्र मुबलक. परदेशी जाणाऱ्या मालाच्या किमतीतला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या पाळीव सॅल्मनचा आहे. एवढं एका माशावर अवलंबून असलेल्या लोकांना त्याच्या आजारपणाकडे दुर्लक्ष करणं परवडत नाही.

रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकत होते तेव्हा माशांचे रोग हा विषय आम्हाला होता. एका विषाणूने या बेटांवरचा सगळा धंदा आडवा केला आणि काही वर्षांत तो पुन्हा उभा राहिला, ही हकिगत तिथे दोन ओळींत संपायची. रोग एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात, एका फ्योर्डमधून, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या चिंचोळ्या खाडीतून, दुसऱ्यात नेमका जातो कसा, आणि ते शोधणारी माणसं काय करतात, हे जागेवर जाऊन बघायचं तेव्हापासून मनात होतं. नॉर्वे या धंद्याचं माहेर. तिथे वर्षाला पंधरा लाख टनांच्या आसपास सॅल्मन होतो, संस्थाही मोठ्या. पण नॉर्वेचा किनारा इतका लांब आणि गुंतागुंतीचा आहे की साथ सुरू कुठे झाली आणि संपली कुठे, हे सांगताना जाणकारही अडखळतात. फेरो बेटांवर सगळं आटोपशीर आहे. इथे एक साथ पहिल्या दिवसापासून शेवटच्यापर्यंत नोंदली गेली आहे.

कोपनहेगनहून निघालेलं विमान वॉगर बेटावर उतरतं. तिथून राजधानी तोर्सहावनला जाणारा रस्ता समुद्राखालच्या बोगद्यातून स्ट्रेमॉय बेटावर निघतो. २००२ साली हा बोगदा होईपर्यंत इथे फेरीबोट होती. पुढे वळणावळणाने फ्योर्ड दिसू लागतात, आणि जवळपास प्रत्येकात काळ्या गोल कड्यांच्या दोन रांगा. एकेका कडीचा घेर दीडशे मीटरच्या पुढे, खाली जाळ्याची खोल पिशवी, आत हजारो मासे. एका फ्योर्डमध्ये मात्र कड्या होत्या, जाळी नव्हती. खाद्य फेकणारा तराफाही नाही, बोटही नाही. गाडी चालवणाऱ्या गृहस्थांना विचारलं, धंदा बंद पडला का? ते म्हणाले, "नाही, मासे काढून झाले. आता निदान दोन महिने इथे कुणी मासा टाकणार नाही. कायदाच आहे."

आपला शेतकरी जमीन पड ठेवतो. इथे अख्खा फ्योर्ड पड ठेवतात. सगळ्या प्रवासात पाहिलेल्या यंत्रांपेक्षा, प्रयोगशाळांपेक्षा ते रिकामं पाणी मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तिथल्या सगळ्या अभ्यासाचा निष्कर्ष त्यात आहे.

रोगाचं नाव संसर्गजन्य सॅल्मन रक्तक्षय. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला 'आयएसए' म्हणतात. १९८४ साली तो नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर पहिल्यांदा लक्षात आला. विषाणू आपल्या फ्लूच्या कुळातला, त्याच्यासारखाच आठ तुकड्यांच्या आरएनएचा. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला आणि तांबड्या पेशींना तो धरतो. कल्ले पांढुरके पडतात, पोटात पाणी साठतं, यकृत काळवंडतं. फसवी गोष्ट म्हणजे त्याची चाल. मासे एका रात्रीत मरत नाहीत. सुरुवातीला एका पिंजऱ्यात रोज दोन हजारांत एखादा मासा जातो. लाखभर माशांच्या पिंजऱ्यात हे दिवसाला पन्नास होतात, आणि एवढी मरतूक वादळानंतर किंवा हाताळणीनंतर एरवीही होते. शेजारचे पिंजरे धडधाकट दिसतात. आठवडे जातात, कधी महिने जातात, आणि रोग तोवर बाहेर पडलेला असतो.

फेरो बेटांवर तो २००० साली सापडला. त्या वेळी धंद्याची घडी अशी होती: एका फ्योर्डमध्ये एकाहून अधिक मालक, वेगवेगळ्या वयाचे मासे शेजारी शेजारी, जाळी आणि बोटी एकमेकांत वापरलेल्या. मोठे मासे कापणीला जाण्याआधी नवी पिल्लं पाण्यात पडायची, त्यामुळे पाणी कधीच रिकामं होत नसे. विषाणूला एका पिढीकडून दुसरीकडे जायला वेगळे कष्ट घ्यावे लागत नव्हते. पुढच्या काही वर्षांत बहुतेक सगळ्या भागांत तो पोहोचला, पिंजरेच्या पिंजरे मारून टाकावे लागले, कंपन्या बुडाल्या, आणि २००५-०६ पर्यंत उत्पादन पूर्वीच्या पाव हिश्श्याच्या आसपास आलं. छोट्या गावांमध्ये मासे साफ करणाऱ्या कारखान्यांवर घरं चालत होती. हे सांगताना तिथली वयस्क माणसं आजही थांबून थांबून बोलतात.

स्ट्रेमॉय आणि आयस्टुरॉय या दोन मोठ्या बेटांमध्ये एक लांब, चिंचोळी सामुद्रधुनी आहे. तिच्या काठावर, ह्वाल्विक गावाजवळ 'विद आआर' नावाची जागा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या लोकांनी इथे व्हेल कापण्याचं केंद्र बांधलं होतं. त्याच परिसरात आता 'फिस्काआलिंग' ही मत्स्यपालनाची संशोधन संस्था आहे. मला वाटलं होतं, इथे सूक्ष्मदर्शकांवर वाकलेली माणसं भेटतील. भेटले ते समुद्राच्या प्रवाहांचे अभ्यासक, भिंतीवर भरती-ओहोटीचे नकाशे आणि दाराशी शेवाळ धरलेली पिवळी यंत्रं. ही यंत्रं समुद्रतळाशी ठेवतात. ती वर ध्वनिलहरी सोडतात, आणि परत आलेल्या लहरींतल्या फरकावरून कोणत्या खोलीवर पाणी किती वेगाने कुठे चाललं आहे ते कळतं.

माशाच्या रोगासाठी पाणी का मोजायचं, हे तिथल्या एका संशोधिकेने मला नकाशावर बोट फिरवत समजावलं. या बेटांच्या पश्चिमेला भरती-ओहोटीत पाणी चांगलं पुरुषभर चढतं-उतरतं. पूर्वेला तोर्सहावनच्या बंदरात मात्र हा फरक वीतभर-दोन वीत इतकाच. दोन बाजूंच्या पाण्याची पातळी अशी वेगळी झाली की मधल्या सामुद्रधुन्यांतून पाणी उसळत धावतं. पण त्याच बेटांतले काही बंद फ्योर्ड इतके शांत असतात की आतलं पाणी बदलायला बराच काळ लागतो. म्हणजे नकाशावर एका डोंगराआड असलेले दोन मत्स्यपालक पाण्याच्या हिशोबात एकमेकांना अनोळखी असू शकतात, आणि वीस किलोमीटरवरचे दोघं सख्खे शेजारी. रस्त्यावरचं अंतर इथे उपयोगाचं नाही. 'या पिंजऱ्यातून सुटलेला कण तिथे किती तासांनी पोहोचतो' हे अंतर धरायचं.

म्हणून संगणकात बेटांभोवतीचा समुद्र उभा करतात आणि प्रत्येक पिंजऱ्यातून हजारो काल्पनिक कण सोडतात. खरोखरीचे तरंगते बावटेही सोडतात, उपग्रहावरून त्यांचा माग ठेवतात, आणि संगणकाचं गणित त्याच्याशी ताडून बघतात. काही ठिकाणं मुख्यतः देणारी निघतात, काही घेणारी, आणि काही स्वतःचाच संसर्ग स्वतःला परत देत राहतात. देणाऱ्या ठिकाणी उपचार केला तर पाच ठिकाणांचा त्रास कमी होतो. घेणाऱ्या ठिकाणी कितीही औषध ओता, आठवड्याने परिस्थिती तीच. हे कळायला नकाशा पुरत नाही, प्रवाहच मोजावे लागतात.

आता कोणता कण, हा प्रश्न येतो. सॅल्मनला छळणारी समुद्री ऊ आणि हा विषाणू यांच्यात इथे मोठा फरक आहे, आणि तो कळल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही. ही ऊ म्हणजे कोळंबीच्याच कुळातला एक बारीक परजीवी. मादीच्या मागे अंड्यांच्या दोन माळा लोंबत असतात. अंड्यातून निघालेलं पिल्लू पहिले काही दिवस माशाला चिकटूच शकत नाही, नुसतं तरंगतं. मग आठवडाभर त्याला यजमान शोधण्याची मुभा असते. या दिवसांत प्रवाह त्याला पन्नास किलोमीटरही नेऊ शकतो. त्यामुळे उवांच्या बाबतीत स्वतःच्या अंगणातला संसर्ग बऱ्याचदा दुसरीकडे जातो आणि दुसऱ्याचा आपल्याकडे येतो. या बेटांभोवतीचं पाणी वर्षभर सहा ते अकरा अंशांच्या दरम्यान असतं, म्हणजे उवांना हिवाळ्यातही सुट्टी नाही. आयएसएचा विषाणू मात्र उघड्या समुद्रात फार टिकत नाही. काही तासांत विरळ होतो, निकामी होतो. तो पाण्यातून पोहोचतो तो जवळच्या शेजाऱ्यापर्यंत. नॉर्वेतल्या १९९७ च्या एका अभ्यासात आढळलं की बाधित ठिकाणापासून पाच किलोमीटरच्या आत असलेल्या पिंजऱ्यांना रोगाची शक्यता आठपट होती. मासे कापण्याच्या कारखान्यापासून पाच किलोमीटरच्या आत असेल तर तेरापट. रोगट शेजाऱ्यापेक्षा कारखान्याचं रक्तमिश्रित सांडपाणी जास्त धोक्याचं ठरलं.

मग फेरो बेटांवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विषाणू गेला कसा? याचं उत्तर स्कॉटलंडने आधीच दिलं होतं. १९९८ च्या मे महिन्यात तिथल्या लॉख नेव्हिस या आखातात आयएसए सापडला आणि बघता बघता शेटलंडपर्यंतच्या, शेकडो किलोमीटर दूरच्या ठिकाणी उगवला. अभ्यासकांनी प्रवाहांचे नकाशे बाजूला ठेवले आणि वेलबोटींच्या नोंदवह्या काढल्या. वेलबोट म्हणजे पोटात पाण्याच्या टाक्या असलेलं, जिवंत मासे नेणारं जहाज. कापणीसाठी मासे उचलायला ते आज इथे, उद्या तिथे. बाधित ठिकाणांची यादी आणि जहाजांच्या फेऱ्यांची यादी शेजारी ठेवल्यावर साथीची वाट दिसली. चिलीमध्ये २००७ साली चिलोए बेटाजवळ हाच रोग फुटला. तिथल्या विषाणूचं नातं युरोपातल्या, नॉर्वेच्या बाजूच्या कुळाशी निघालं, म्हणजे अर्धी पृथ्वी ओलांडून तो पोहोचला होता. चार लाख टनांच्या घरातलं उत्पादन २०१० पर्यंत सव्वा लाखाच्या आसपास आलं आणि हजारो कामगार घरी बसले. एवढा पल्ला कोणताही प्रवाह गाठत नाही. समुद्राने रोग शेजारी नेला. दूर नेला तो माणसांनी.

माझ्या मते या शास्त्रातला सर्वांत मोलाचा शोध हाच आहे, आणि तो लावायला सूक्ष्मदर्शक लागला नाही. जहाजांच्या वेळापत्रकाकडे रोगाचा पुरावा म्हणून बघण्याची नजर लागली.

पिंजऱ्यांवर जायची परवानगी मिळाली तेव्हा आधी विचारणा झाली, गेल्या दोन-तीन दिवसांत दुसऱ्या मत्स्यपालनावर गेला होता का? मग त्यांचेच कपडे, त्यांचेच बूट, आणि बोटीवर चढताना जंतुनाशकाच्या टबात पाय. बोटीचे दोन तांडेल आणि एक माशांची डॉक्टरीण. वारा असा की बोलताना तोंड फिरवावं लागत होतं. पिंजऱ्याच्या तळाशी एक मोठं नरसाळं असतं, तिथे मेलेले मासे जमतात आणि हवेच्या दाबाने नळीतून वर येतात. रोजचं पहिलं काम तेच. प्रत्येक मेलेला मासा मोजायचा, बाहेरून बघायचा, कारण लिहायचं: जखम, कल्ले, सील प्राण्याचा चावा, अज्ञात. मग तो दळून फॉर्मिक आम्लात मुरवायचा, म्हणजे त्याच्यातून काही जिवंत बाहेर जात नाही. डॉक्टरबाईंनी काही मासे तिथेच उघडले. हृदयाचा, मूत्रपिंडाचा, कल्ल्यांचा मुगाएवढा तुकडा छोट्या कुप्यांत गेला. नंतर जाळीने उचललेले काही जिवंत मासे भूल दिलेल्या पाण्यात सोडून त्यांच्या अंगावरच्या उवा मोजल्या. मोठ्या माद्या वेगळ्या, पिल्लं वेगळी. हात गारठून लाल झाले होते तरी आकडा चुकला की त्या पहिल्यापासून मोजत. हे आकडे सरकारकडे जातात आणि मर्यादा ओलांडली तर उपचार करावाच लागतो.

त्या कुप्या तोर्सहावनला अन्न आणि पशुवैद्यक खात्याच्या प्रयोगशाळेत येतात. इथे देबेस क्रिस्तियानसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम जगभर वाचलं जातं. साथ ओसरल्यानंतर त्यांनी हजारो निरोगी मासे पीसीआर चाचणीने तपासले. विषाणू संपला असेल अशी अपेक्षा होती. तो होता, आणि बेटांवर सर्वदूर होता. फक्त त्याचा हा प्रकार निरुपद्रवी होता. 'एचपीआर-शून्य' म्हणतात त्याला. कल्ल्यांमध्ये काही आठवडे राहतो, माशाला काही होत नाही, निघून जातो. पण विषाणूच्या एका जनुकातला छोटा तुकडा गळून पडला की हाच सोशीक पाहुणा रक्तवाहिन्यांत शिरणारा मारक होतो. असं होत असावं ही शंका जुनी होती. प्रत्यक्ष मत्स्यपालनात तसं घडल्याचा पहिला पुरावा याच गटाने २०१७ साली प्रसिद्ध केला. निरुपद्रवी रूप जितक्या जास्त माशांमध्ये, जितका जास्त काळ फिरेल, तितकी तो तुकडा गळण्याची संधी जास्त. म्हणजे मारक विषाणू बाहेरून येऊ नये एवढी राखण पुरेशी नाही. तो इथेच जन्मू नये म्हणून आतल्या साखळीलाही मधूनमधून तोडावं लागतं.

रिकाम्या फ्योर्डचा अर्थ इथे लागतो. २००३ साली या बेटांनी नियम पूर्ण बदलले. एका फ्योर्डमध्ये एकाच वयाचे मासे. सगळे एका हंगामात आत, सगळे बाहेर गेल्याशिवाय नवा एकही नाही. मग जाळी काढून धुवायची, निर्जंतुक करायची आणि पाणी पड ठेवायचं. सामान एका भागातून दुसऱ्यात सहजासहजी न्यायचं नाही. जोडीला लस आली. यजमानच नाही म्हटल्यावर विषाणू तग धरत नाही, उवांची पिढी उपाशी मरते. शास्त्रज्ञांनी अमुक औषध द्या असं सांगितलं नाही, जागा आणि वेळ द्या असं सांगितलं, आणि कर्जात बुडालेल्या मालकांनी ते ऐकलं, याचं मला फार कौतुक वाटतं. रिकामा फ्योर्ड म्हणजे त्या महिन्यांत शून्य उत्पन्न.

त्याची किंमतही मोजली गेली. पूर्वी डझनावारी मालक होते, आज तीन कंपन्या आहेत. फ्योर्ड पड ठेवणं ज्याच्याकडे दुसरा फ्योर्ड आहे त्यालाच जमतं. उवा काही गेलेल्या नाहीत. औषधांना त्या दाद देईनाशा झाल्यावर आता कोमट पाण्यातून मासे काढणं, पाण्याच्या फवाऱ्याने उवा झाडणं असे उपाय करतात, आणि त्यात माशांची कातडी सोलवटते, अशक्त मासे दगावतात. उवा खायला पिंजऱ्यांत सोडलेले लंपफिश तर मोठ्या संख्येने मरतात. त्यांच्या मरणाचा हिशोब अजून सॅल्मनएवढ्या काळजीने मांडला जात नाही, हे मला खटकलं. नवी वाट अशी की पिल्लं जमिनीवरच्या टाक्यांमध्ये जास्त वाढवायची, शंभर ग्रॅमऐवजी चारशे-पाचशे ग्रॅमची करून समुद्रात टाकायची. समुद्रातले महिने घटले की रोगाशी गाठ पडण्याचे महिनेही घटतात. क्लाक्सविकजवळ स्ट्रोंड इथे त्यासाठी उभारलेलं प्रचंड पिल्लूघर रस्त्यावरूनच दिसतं.

फेरो बेटं बघायला जाणाऱ्यांनी धबधबे आणि कडे जरूर बघावेत, पण ह्वाल्विकच्या वाटेवर सामुद्रधुनीवरच्या पुलाशी अर्धा तास थांबावं. तिथे पाणी एखाद्या नदीसारखं वाहताना दिसतं आणि प्रवाह मोजणाऱ्यांचं काम डोळ्यांनी कळतं.

कोकणातल्या कोळंबीवाल्यांशी मात्र मला सरळ बोलायचं आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आपली तळी एकाच खाडीतून पाणी घेतात आणि त्याच खाडीत सोडतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग गेली तीस वर्षं याच वाटेने फिरतो आहे, आणि खेकडे तो एका बांधावरून दुसऱ्यावर नेतात. तळ्यात मरतूक दिसली तर घाईने पाणी खाडीला सोडू नका. ब्लिचिंग टाकून ते आतच धरून ठेवा, जाळी आणि पंप कुणाला देऊ नका, आणि खाडीच्या खालच्या बाजूच्या मालकाला त्याच दिवशी फोन करा. एका खाडीतल्या सगळ्यांनी एकाच पंधरवड्यात बीज सोडायचं आणि एकाच वेळी तळी सुकवायची, एवढा ठराव गावपातळीवर करता येतो. त्याला सरकारी परवानगी लागत नाही.